साथीच्या काळात महाविद्यालय सुरू ठेवताना : प्राध्यापकांच्या सुरक्षेची तयारी कोणत्या क्रमाने करावी

साथ पुरती ओसरण्याआधी महाविद्यालय भरवायचे ठरले की बहुतेक ठिकाणी तयारीची सुरुवात प्रवेशद्वारापासून होते. ताप मोजणारी बंदूक येते, पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड येतात, जमिनीवर गोल आखले जातात आणि मंजूर झालेला निधी तिथेच संपतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातली महाविद्यालये प्रत्यक्ष भरू लागली, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली आणि फेब्रुवारीत परत उघडली. या सगळ्या काळात मी महाविद्यालयाच्या सुरक्षा समितीवर होतो आणि आम्हीही हाच क्रम चालवला. वर्गात गोल आखून आम्ही वातानुकूलित स्टाफरूममध्ये एका टेबलाभोवती डबे उघडत होतो. जानेवारीतल्या एकाच आठवड्यात आमच्या विभागातले निम्म्याहून अधिक सहकारी आजारी पडले.

चूक वस्तूंच्या निवडीत कमी आणि क्रमात जास्त होती. हवेतून पसरणाऱ्या श्वसनरोगात आधी आजारी माणूस घरी राहू शकेल अशी व्यवस्था लागते, मग खोलीतली हवा, मग तोंडावरचा मास्क, आणि हात व पृष्ठभाग सर्वांत शेवटी. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ते कोविड-१९ आणि इन्फ्लुएन्झासारख्या रोगांसाठी आहेत. पाण्यातून किंवा डासांमुळे पसरणाऱ्या साथीला ही मांडणी लागू होत नाही.

टप्पा १ : आजारी असताना घरी राहण्याची लेखी मुभा

हे काम महाविद्यालय उघडण्याच्या किमान दोन आठवडे आधी हाती घ्यावे, कारण त्याला प्राचार्यांची सही, कार्यालयाची संमती आणि बहुधा महाविद्यालय विकास समितीची मान्यता लागते.

परिपत्रकात चार गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात. लक्षणे दिसल्यास फोनवर कळवून घरी थांबता येईल. पहिल्या तीन दिवसांसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाणार नाही. त्या दिवसांचे तास कोण घेईल हे विभागात आधीच ठरलेले असेल. आणि आजारी व्यक्तीची प्रकृती बरी असून ती घरून ऑनलाइन तास घेण्यास तयार असेल तर तो दिवस कर्तव्यकाळ धरला जाईल, मात्र तिला तसे करण्याची सक्ती केली जाणार नाही.

या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत असतो. त्यांना घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, त्यामुळे अंगात कणकण असली तरी ते गोळी घेऊन वर्गावर येतात, आणि घरभाडे डोक्यावर असलेल्या माणसाकडून वेगळी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून साथीच्या काळात वेळापत्रकात दाखवलेला तास आजारपणामुळे बुडाल्यास तो ऑनलाइन किंवा नंतर भरून घेता येईल आणि त्याचे मानधन कापले जाणार नाही, असे कलम परिपत्रकात घालून घ्यावे. व्यवस्थापन तयार नसेल तर कायम सेवेतील प्राध्यापकांनी हा मुद्दा स्वतः बैठकीत मांडावा. ज्याची नियुक्ती दर वर्षी नव्याने होते त्याने तो मांडावा असे म्हणणे म्हणजे तो मुद्दा कधीच मांडला जाणार नाही.

*पडताळणी :* विभागातील प्रत्येक विषयासाठी बदली शिक्षकाचे नाव लिहिलेला कागद विभागप्रमुखांकडे आहे का? एखाद्या विषयाला एकच शिक्षक असेल तर त्याच्या दोन आठवड्यांच्या तासांचे साहित्य आधी तयार करून ठेवावे.

*सावधान :* सहव्याधी, गरोदरपण किंवा चालू असलेले उपचार यांची माहिती स्टाफरूममध्ये फिरणाऱ्या तक्त्यावर मागवू नये. ती बंद पाकिटात एका व्यक्तीकडे द्यावी आणि त्या व्यक्तीने फक्त 'या सहकाऱ्यास तळमजल्यावरची हवेशीर खोली द्यावी' एवढाच निष्कर्ष पुढे कळवावा.

टप्पा २ : खोल्यांची पाहणी

काहीही विकत घेण्याआधी इमारतीतली प्रत्येक खोली वहीत नोंदवावी. या पाहणीला दोन माणसे, एक मोजपट्टी, उदबत्तीचा पुडा आणि शक्य असल्यास कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक मीटर लागते. शिपाई किंवा प्रयोगशाळा परिचर यांपैकी एकाला अवश्य बरोबर घ्यावे, कारण कोणत्या खिडकीची कडी गंजली आहे आणि कोणती झडप रंगाने चिकटून बसली आहे हे त्यांनाच ठाऊक असते.

प्रत्येक खोलीसाठी लांबी, रुंदी, उंची, उघडणाऱ्या खिडक्यांची संख्या, त्या एकाच भिंतीला आहेत की समोरासमोर, आणि खोलीत एका वेळी किती माणसे बसतात, एवढे लिहावे. 'खिडक्या' आणि 'उघडणाऱ्या खिडक्या' हे दोन रकाने वेगळे ठेवावेत. जुन्या दगडी इमारतींत छत उंच आणि वर झडपा असल्यामुळे त्या खोल्या अनेकदा चांगल्या निघतात, तर नंतर बांधलेले संगणक कक्ष आणि भाषा प्रयोगशाळा सर्वांत वाईट ठरतात.

त्यानंतर उदबत्ती पेटवून खिडकीजवळ, दाराजवळ आणि शेवटच्या बाकाजवळ धरावी. धूर एका दिशेने वाहत बाहेर जात असेल तर हवा खेळते आहे. तो सरळ वर जाऊन छताखाली रेंगाळत असेल तर त्या कोपऱ्यात कोणालाही बसवू नये. ही चाचणी पंखे बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा करावी, कारण छताचा पंखा बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच हवा घुसळतो.

मीटर वापरायचे तर ते इन्फ्रारेड पद्धतीचे घ्यावे. स्वस्तातली काही यंत्रे इतर वायूंवरून अंदाज बांधतात आणि सॅनिटायझरच्या वासानेही आकडा वाढवून दाखवतात. खोलीत नेण्याआधी ते मोकळ्या हवेत दहा मिनिटे ठेवावे. तिथे आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ४२० भाग) आसपास यायला हवा. पुढचे आकडेही याच एककात आहेत. मग तास सुरू होऊन निदान अर्धा तास झाल्यावर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून दूर ठेवून वाचन घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये अशा जागांसाठी दर व्यक्तीमागे सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली होती, आणि तेवढी हवा मिळाली तर मीटरचा आकडा साधारण ९०० ते १००० च्या दरम्यान स्थिरावतो. आकडा ८०० च्या आत राहिला तर खोली चांगली समजावी, १००० ओलांडल्यास सुधारणा करावी आणि १५०० च्या वर गेल्यास ती खोली साथ असेपर्यंत बंद ठेवावी.

आमच्या संगणक कक्षात पहिल्यांदा मीटर ठेवले तेव्हा तास संपताना आकडा २००० च्या वर होता. माणसाच्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० इतका कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे बाहेरच्या हवेतले ४२० वजा केल्यावर २००० या आकड्याचा अर्थ असा की त्या खोलीत घेतलेल्या दर पंचवीस श्वासांपैकी जवळपास एक श्वास कोणीतरी आधीच सोडलेला होता. हा हिशेब प्राचार्यांसमोर मांडल्यावर खिडक्यांच्या दुरुस्तीला त्याच दिवशी मंजुरी मिळाली. त्याआधीच्या तीन अर्जांना मिळाली नव्हती.

*सावधान :* रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटलेले असताना घेतलेले वाचन निरुपयोगी असते, कारण ज्योतीतूनही हाच वायू निघतो. तिथे सिद्धान्ताचा तास चालू असताना मोजावे.

टप्पा ३ : हवा सुधारणे

आधी फुकट होणाऱ्या गोष्टी कराव्यात. चिकटलेल्या झडपा मोकळ्या कराव्यात, समोरासमोरच्या खिडक्या आणि दार तास चालू असतानाही उघडे ठेवावे, खिडक्यांसमोर उभी केलेली कपाटे हलवावीत. मार्गिकेतला गोंगाट टाळण्यासाठी दार लावून घेण्याची सवय जुनी आहे, पण साथीत ती सोडावी लागते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावाव्याच लागतात. अशा वेळी आडोशाच्या बाजूच्या खिडक्या आणि वरच्या झडपा पूर्ण उघड्या ठेवून त्या खोलीतली विद्यार्थिसंख्या कमी करावी. झडपांवर पत्र्याची छोटी पडवी बसवली की पाऊस आत न येता हवा येत राहते, आणि हे काम स्थानिक फॅब्रिकेटर एका दिवसात करून देतो.

एकाच भिंतीला खिडक्या असलेल्या खोलीत एक्झॉस्ट पंखा लावावा, पण बाहेरची हवा जिथून आत येणार त्या बाजूच्या समोरच्या भिंतीवर. दाराशेजारीच पंखा लावल्यास दारातून आलेली हवा तशीच बाहेर फेकली जाते आणि उरलेली खोली कोंदट राहते. ही चूक इतकी सर्रास दिसते की पंखा बसवून झाल्यावर उदबत्तीची चाचणी पुन्हा करणे मी सक्तीचे मानतो.

स्प्लिट एसीबद्दलचा गैरसमज दूर करणे सर्वांत कठीण जाते. हे यंत्र खोलीतलीच हवा थंड करून परत सोडते, बाहेरची ताजी हवा आणत नाही. संगणकांसाठी एसी लावणे भागच असेल तर दोन खिडक्या चार बोटे उघड्या ठेवाव्यात, एक्झॉस्ट चालू ठेवावा आणि वाढणारे वीजबिल साथीचा खर्च म्हणून धरावे.

हवा शुद्ध करणारे यंत्र शेवटी घ्यावे आणि हिशेब करूनच घ्यावे. उदाहरणार्थ ३० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीचे आकारमान ६,००० घनफूट, म्हणजे सुमारे १७० घनमीटर होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मे २०२३ मध्ये सुचवल्याप्रमाणे तासाला किमान ५ वेळा हवा बदलायची तर ताशी ८५० घनमीटर शुद्ध हवा लागेल. खोक्यावर 'सीएडीआर' या नावाने छापलेला आकडा हाच असतो, परंतु तो यंत्र सर्वाधिक वेगावर असतानाचा असतो. त्या वेगाचा आवाज तासात सहन होत नाही, शिकवणारा तो कमी करतो आणि शुद्ध हवेचे प्रमाण बरेच घटते. म्हणून गरजेपेक्षा मोठी किंवा एकाऐवजी दोन यंत्रे घेऊन मध्यम वेगावर चालवावीत. उघडणारी एकही खिडकी नसलेल्या खोलीत मात्र यंत्राच्या भरवशावर ६० विद्यार्थी बसवू नयेत.

*पडताळणी :* हवा शुद्ध करणारे यंत्र विषाणू असलेले कण गाळते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. त्यामुळे यंत्र लावल्यावरही मीटरचा आकडा तसाच दिसला तर यंत्र बिघडले आहे असे समजू नये.

टप्पा ४ : मास्क आणि आवाज

शिकवणारा माणूस सलग आणि मोठ्याने बोलतो, त्यामुळे त्याच्या तोंडातून शांत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि तो श्वासही खोल घेतो. असे असताना शिकवायला उभे राहिल्यावर मास्क हनुवटीवर ओढणे ही आपल्या व्यवसायातली सर्वांत घातक सवय ठरते. तिचे कारणही खरे आहे, कारण मास्कमधून मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवताना घसा बसतो. उपाय आवाज वाढवण्यात नाही. कमरेला अडकवायचा छोटा ध्वनिवर्धक आणि डोक्यावर बसणारा माइक घ्यावा, तो मास्कच्या बाहेर तोंडासमोर ठेवावा आणि नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात शिकवावे. माइक प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. ते परवडत नसेल तर निदान त्यावरची फोमची टोपी स्वतःची असावी.

मास्क एन-९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी-२ दर्जाचा, झडप नसलेला आणि शक्यतो डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा घ्यावा. झडपेचा मास्क घालणाऱ्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर सोडतो, म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही जुलै २०२० मध्ये त्याविरुद्ध सूचना दिली होती. चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल मास्कची जागा घेत नाही.

घालण्याचा क्रम असा ठेवावा : हात धुवावेत, मास्क हनुवटीखालून नाकावर बसवावा, वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या मागच्या भागावर आणि खालचा मानेवर न्यावा, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मध्यापासून बाहेर दाबत न्यावी. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालांवर वारा लागला, किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर मास्क नीट बसलेला नाही. अंबाडा असल्यास एक पट्टा त्याच्या वर व एक खाली ठेवावा, आणि हिजाब किंवा स्कार्फ असल्यास पट्टे त्याच्या आत घ्यावेत. कापडावरून पट्टे घेतल्यास कडा उचलल्या जातात. मास्कच्या आत मावणारी मिशी चालते, मात्र कडेखाली येणारी दाढी मास्कचा उपयोग बराच कमी करते.

पाच मास्क घेऊन पाच कागदी पाकिटांवर वार लिहावेत आणि ते आळीपाळीने वापरावेत. पट्टा सैल पडला, आकार बिघडला किंवा मास्क मळला की टाकून द्यावा.

*सावधान :* असा मास्क धुऊ नये, इस्त्री करू नये, कुकरमध्ये वाफवू नये आणि त्यावर सॅनिटायझर फवारू नये. त्याच्या धाग्यांवरचा विद्युतभार कण पकडतो, आणि अल्कोहोलने किंवा साबणाच्या पाण्याने तो भार जातो. मास्क वरून तसाच दिसतो, म्हणून ही चूक लक्षात येत नाही.

टप्पा ५ : तास

४८ मिनिटांचा तास ४० मिनिटांवर आणून मधली मिनिटे खोली रिकामी व उघडी ठेवता आली तर फार उपयोग होतो. मात्र हा बदल तोंडी करू नये. तासांची लांबी कार्यभारात आणि तासिका तत्त्वावरच्या मानधनात मोजली जाते, म्हणून 'साथीच्या काळात ४० मिनिटांचा तास पूर्ण तास धरला जाईल' असे लेखी घेतल्याशिवाय नवे वेळापत्रक लावू नये.

हजेरीपट वर्गात फिरवू नये. क्रमांक पुकारून 'उपस्थित' असा एकामागून एक आवाज काढून घेण्याऐवजी आसनक्रमानुसार पाहून नोंद करावी. तीच आसनव्यवस्था पुढे कोणी आजारी पडल्यास संपर्काची यादी करायलाही उपयोगी पडते. व्यासपीठाभोवती प्लास्टिकचे पडदे लावू नयेत, त्यांच्यामागे हवा कोंडते.

शिकवणाऱ्याला सर्वाधिक संसर्ग होण्याची वेळ तास संपल्यावरची असते. शंका विचारायला आठदहा विद्यार्थी टेबलाभोवती जमतात, वाकून वही दाखवतात आणि पंधरा मिनिटे तशीच जातात. त्यांना परतवून लावणे कोणत्याही शिक्षकाच्या जिवावर येते, आणि तसे करण्याची गरजही नाही. ही शंकानिरसनाची बैठक अंगणात किंवा झाडाखालच्या कट्ट्यावर न्यावी आणि पहिल्याच दिवशी वर्गाला तसे सांगावे.

टप्पा ६ : प्रयोगशाळा

इथे संसर्गाबरोबर अपघाताचाही विचार करावा लागतो. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल असते आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. म्हणून बर्नर, स्पिरिटचा दिवा किंवा गरम प्लेट असलेल्या खोलीत सॅनिटायझरची बाटली ठेवूच नये, दारापाशी साबण आणि नळ ठेवावा. बाहेर सॅनिटायझर लावून आलेल्या विद्यार्थ्याला हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय बर्नरजवळ जाऊ देऊ नये.

तुकड्या लहान कराव्यात आणि धूर ओढून घेणारी कपाटे चालू ठेवावीत, कारण ती खोलीतली हवाही बाहेर टाकतात. तोंडाने पिपेट ओढणे एरवीही बंद हवे, साथीत ते एकदाही चालवून घेऊ नये. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगाजवळचा भाग दर विद्यार्थ्यानंतर अल्कोहोलने ओलावलेल्या कापडाने पुसावा, थेट फवारा मारू नये.

तोंडी परीक्षा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर घेतली जाते आणि बाह्य परीक्षक, अंतर्गत परीक्षक व विद्यार्थी हातभर अंतरावर बसतात. टेबल व्हरांड्यात न्यावे. बाह्य परीक्षकांना आदल्या दिवशी फोन करून मास्कचा नियम आणि स्वतंत्र चहाची व्यवस्था सांगून ठेवावी, म्हणजे पाहुण्यांना समोरासमोर सांगण्याचा संकोच राहत नाही.

टप्पा ७ : स्टाफरूम, डबा आणि चहा

वर्गात आपण मास्क लावून आणि काही अंतर राखून असतो. स्टाफरूममध्ये मास्क काढून, समोरासमोर, बंद खोलीत अर्धा तास जेवतो आणि गप्पा मारतो. माझ्या मते प्राध्यापकांच्या दृष्टीने संपूर्ण इमारतीतली सर्वांत धोक्याची जागा हीच आहे, आणि नियमावलीत तिचा उल्लेख बहुधा सापडत नाही, कारण नियमावली विद्यार्थ्यांवर डोळा ठेवून लिहिलेली असते.

पहिला उपाय म्हणजे जेवण बाहेर : गच्ची, व्हरांडा, मैदानाची पायरी, कुठेही. सावलीसाठी ताडपत्री बांधावी लागली तरी बांधावी. दुसरा उपाय, बाहेर शक्यच नसेल तर जेवणाच्या तीन पाळ्या कराव्यात, समोरासमोर न बसता एकाच बाजूला बसावे आणि जेवताना बोलणे टाळावे. तिसरा, आत बसून काम करणाऱ्यांनीही मास्क लावावा आणि एसी बंद ठेवून खिडक्या उघडाव्यात. विभागीय बैठका, वाढदिवसाचा केक आणि निवृत्तीचा निरोपसमारंभ यांनाही हेच नियम लागू आहेत. डब्यातली भाजी एकमेकांना वाढणे थांबवण्याची गरज नाही, धोका भाजीतून येत नाही, जवळ बसून घेतलेल्या श्वासातून येतो.

चहा घेऊन येणारे शिपाई दिवसभर प्रत्येक खोलीत जातात. त्यांनाही प्राध्यापकांइतक्याच दर्जाचे मास्क महाविद्यालयाने द्यावेत. कापडी मास्क देऊन त्यांच्याकडून पन्नास माणसांमध्ये वावरण्याची अपेक्षा ठेवू नये.

टप्पा ८ : परीक्षा आणि उत्तरपत्रिका

पर्यवेक्षकाला एकाच खोलीत तीन तास काढावे लागतात, म्हणून परीक्षेचे ब्लॉक ठरवताना टप्पा २ मधली वही समोर ठेवावी आणि चांगल्या ठरलेल्या खोल्याच वापराव्यात. पर्यवेक्षकाची खुर्ची हवा आत येणाऱ्या खिडकीजवळ असावी. हॉल तिकीट तपासताना विद्यार्थ्याला मास्क क्षणभर उतरवायला सांगावे लागते. ते दाराबाहेर, एका वेळी एकाला, आणि पर्यवेक्षकाने दोन पावले मागे राहून करावे. बदली पर्यवेक्षक नेमलेला असतो, त्याचा उपयोग प्रत्येकाला दर तासाला पाच मिनिटे मोकळ्या हवेत जाऊन पाणी पिता येईल असा करावा.

लक्षणे असलेला परीक्षार्थी आलाच तर त्याला परत पाठवण्याचा निर्णय एकट्या पर्यवेक्षकावर टाकू नये. तळमजल्यावर, दोन्ही बाजूंनी खिडक्या असलेला एक स्वतंत्र ब्लॉक आधीच राखून ठेवावा आणि तिथे कोण जाईल हे संमती घेऊन ठरवावे.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तीन तीन दिवस बाजूला ठेवण्याची पद्धत सुरुवातीला होती. कागदावरून संसर्ग होण्याची शक्यता अगदी कमी असते, म्हणून त्यात वेळ घालवू नये. मात्र बोट जिभेला लावून पान उलटण्याची सवय आजच मोडावी. टेबलावर ओला स्पंज ठेवावा आणि गठ्ठा संपल्यावर हात साबणाने धुवावेत. केंद्रीय मूल्यांकन केंद्रात कागदापेक्षा सभागृहाची चिंता करावी. वेगवेगळ्या गावांतून आलेले परीक्षक दिवसभर एकत्र बसतात, तेव्हा शक्य असेल तर विषयवार दालने वेगळी करून घ्यावीत.

*सावधान :* सफाईसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण पुरते. ते शौचालय धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू तयार होऊन सफाई करणाऱ्याच्या फुप्फुसांना गंभीर इजा होते. माणसांच्या अंगावर कोणतेही जंतुनाशक फवारू नये.

टप्पा ९ : लक्षण दिसल्यावरचे पहिले दोन दिवस

घरातून निघण्याआधी स्वतःला विचारावे : घसा, ताप, खोकला, अंगदुखी, वास न येणे, घरात कोणी आजारी. यातले एकही 'हो' असेल तर निघू नये. प्रवेशद्वारावर ताप मोजून हे काम होत नाही, कारण ताप येण्याआधीच्या एकदोन दिवसांतही माणूस संसर्ग देऊ शकतो आणि पॅरासिटामॉल घेतलेल्याचा ताप बंदुकीला दिसत नाही.

महाविद्यालयात असताना लक्षण जाणवले तर मास्क न काढता सुरक्षा समितीच्या समन्वयकाला फोन करावा आणि थेट घरी जावे. आधी स्टाफरूममध्ये जाऊन पिशवी आवरू नये, पिशवी दुसरे कोणी दारापर्यंत आणून देईल. लक्षणांआधीच्या दोन दिवसांत आपण कोणाबरोबर जेवलो, कोणत्या बंद खोलीत बसलो आणि कोणते तास घेतले, याची यादी त्याच संध्याकाळी करावी, कारण चार दिवसांनी ती आठवत नाही. समन्वयकाने संबंधितांना स्वतंत्रपणे कळवावे. व्हॉट्सअॅपच्या गटात आजारी व्यक्तीचे नाव टाकू नये. एकदा नाव गटात फिरले की पुढचा सहकारी लक्षणे लपवतो.

घरी करायची जलद अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली आणि लक्षणे असतील तर त्यावर विसंबू नये. आरटीपीसीआर करावी, ते शक्य नसल्यास ४८ तासांनी पुन्हा तीच चाचणी करावी. ऑक्सिमीटरवर वाचन घेताना बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी नसावी, हात गरम असावा आणि पाच मिनिटे शांत बसलेले असावे. आकडा सतत ९४ च्या खाली राहिला, दम लागला, छातीत दुखू लागले किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला तर फोनवर सल्ला घेत न बसता रुग्णालय गाठावे.

परत कधी यायचे हे त्या वेळी लागू असलेल्या शासकीय आदेशानुसार ठरवावे. असे आदेश बदलत राहतात : जानेवारी २०२२ मध्ये घरी विलग राहणाऱ्यांसाठी चाचणीपासून ७ दिवस आणि सलग ३ दिवस ताप नसणे अशी अट होती, त्याआधी ती अधिक दिवसांची होती. जुने परिपत्रक फलकावर राहिल्याने होणारे घोटाळे टाळण्यासाठी समन्वयकाने नवा आदेश लावताना जुना काढून त्यावर तारीख लिहून ठेवावी. परतल्यावरही काही दिवस मास्क लावून शिकवावे, डबा एकट्याने बाहेर खावा आणि अंगात त्राण येईपर्यंत जिने चढायला लावणारे तास दुसऱ्याला द्यावेत.

टप्पा १० : शनिवारची फेरी

दर शनिवारी शेवटचा तास चालू असताना समितीतल्या दोघांनी, त्यांपैकी एक शिक्षकेतर कर्मचारी असावा, वही आणि मीटर घेऊन इमारतीतून फिरावे. किती खिडक्या पुन्हा बंद झाल्या, एक्झॉस्ट चालतो का, स्टाफरूमचा एसी कोणी सुरू केला का, साबण कुठे संपला, एवढेच पाहावे. तीन आठवड्यांनी खिडक्या हमखास बंद सापडतात. कोणाला दोष न देता त्या उघडाव्यात, कडीला तार बांधून ठेवावी आणि वहीत खोलीचा क्रमांक, वेळ व मीटरचा आकडा लिहून दोघांनी सही करावी. सलग दोन शनिवारी १५०० च्या वर गेलेली खोली सोमवारच्या वेळापत्रकातून काढावी.